वटवट्यांचे वर्गीकरण

वटवट्या हे नाव मराठीत लहान चणीच्या, कीटकभक्षी आणि सतत आवाज करणाऱ्या अनेक गायक पक्ष्यांना दिले जाते. प्रामुख्याने आशिया, युरोप व आफ्रिका या खंडांत आढळणाऱ्या अशा पक्ष्यांच्या सुमारे ४०० जाती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सिल्व्हिइडी या एकाच कुलात ठेवल्या जात. डीएनएच्या अभ्यासातून असे दिसून आले, की हे कुल एका समान पूर्वजापासून निर्माण झालेल्या पक्ष्यांचे नसून, सारखे जीवन जगल्यामुळे सारख्या दिसू लागलेल्या अनेक वंशांचे मिश्रण होते. त्यामुळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याचे अनेक स्वतंत्र कुलांत विभाजन करण्यात आले. महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारा राखी वटवट्या, हिवाळ्यात येणारा पर्णवटवट्या, पाणथळ जागेतील बोरू वटवट्या आणि बाभळीच्या झुडपांत वावरणारा शुभ्रकंठी हे चारही पक्षी आता चार वेगवेगळ्या कुलांत गणले जातात.

परिभाषा

या लेखात गण, कुल, प्रजाती व जाती या संज्ञा मराठी विज्ञानलेखनात रूढ असलेल्या उतरत्या क्रमाने वापरल्या आहेत. एका कुलात एक वा अनेक प्रजाती असतात व प्रत्येक प्रजातीत एक वा अनेक जाती असतात. पक्ष्याच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा निदर्शक असतो. उदाहरणार्थ, राखी वटवट्याचे शास्त्रीय नाव प्रिनिया सोशॅलिस असे आहे. परस्परांशी संबंधित अशा अनेक कुलांच्या समूहास अधिकुल म्हणतात. येथे वर्णिलेले बहुतेक सर्व पक्षी पॅसेरिफॉर्मिस गणातील सिल्व्हिऑयडिया या अधिकुलात मोडतात.

आधुनिक वर्गीकरणाचा मूलभूत नियम असा आहे, की कोणताही गट एकमूलोद्भव असला पाहिजे. म्हणजे त्या गटात एका समान पूर्वजाचे सर्व वंशज समाविष्ट असावेत आणि त्या पूर्वजाचा वंशज नसलेला कोणीही त्यात असू नये. जुने सिल्व्हिइडी कुल या कसोटीवर उतरले नाही.

वर्गीकरणातील अडचण

या पक्ष्यांचे वर्गीकरण अवघड होण्याची कारणे त्यांच्या जीवनक्रमातच आहेत. पाने, काटक्या आणि गवताची पाती यांवरील लहान कीटक, अळ्या, कोळी व कीटकांची अंडी टिपून खाणे हा त्यांचा मुख्य उद्योग होय. त्यासाठी बारीक व टोकदार चोच, हलके शरीर, फांदीला पकड घेणारे सडपातळ पाय आणि पर्णराजीत मिसळून जाणारा हिरवट, तपकिरी किंवा करडा रंग ही साधने उपयुक्त ठरतात. अनेक पर्णवटवट्यांचे वजन १० ग्रॅमपेक्षाही कमी असते. बहुतेक जातींत नर व मादी सारखेच दिसतात.

निरनिराळ्या वंशांतील पक्ष्यांनी एकच उद्योग पत्करला की निसर्गनिवडीमुळे त्यांची शरीररचना कालांतराने एकसारखी होत जाते. या क्रियेला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. उत्तर व दक्षिण अमेरिकेतील पॅरुलिडी कुलातील पक्षी याचे ठळक उदाहरण आहे. इंग्रजीत त्यांनाही वॉर्ब्लर असेच म्हणतात आणि त्यांचा उद्योगही हाच असतो. तथापि त्यांच्या पंखात बाहेरून नऊच प्राथमिक पिसे दिसतात. आपल्याकडील वटवट्यांना ती दहा असून दहावे पीस बहुधा आखूड असते. अमेरिकेतील हे पक्षी भारतीय वटवट्यांपेक्षा अमेरिकेतीलच धान्यभक्षी चिमण्यांसारख्या पक्ष्यांना अधिक जवळचे आहेत. ऑस्ट्रेलियातील ॲकँथिझिडी कुलातील लहान कीटकभक्षी पक्षी तर गायक पक्ष्यांच्या वंशवृक्षावरील बऱ्याच जुन्या व वेगळ्या शाखेचे आहेत.

अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील पक्षी दूर राहत असल्याने त्यांचे वेगळेपण तुलनेने लवकर ध्यानात आले. परंतु आशिया, युरोप व आफ्रिकेत हे अनेक वंश एकाच प्रदेशात, कित्येकदा एकाच झाडावर नांदतात. त्यांचे परस्परांतील भेद कळण्यास त्यामुळेच अधिक काळ लागला.

इतिहास

लिनियस व त्यानंतरचा काळ

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत बारीक चोचीच्या बहुतेक लहान पक्ष्यांना मोटॅसिला या एकाच प्रजातीत स्थान दिले. त्यांत धोबी, नाइटिंगेल, युरोपातील रेन व रॉबिन आणि आजचे वटवट्ये असे परस्परभिन्न पक्षी एकत्र आले होते. आज मोटॅसिला हे नाव केवळ धोबी पक्ष्यांपुरते उरले आहे. पाने शिवून घरटे बांधणाऱ्या आपल्या शिंपी पक्ष्याचे वर्णन टॉमस पेनंट यांनी १७६९ मध्ये केले, तेव्हा तोही मोटॅसिलातच गणला गेला. त्याच वर्षी जोव्हानी स्कोपोली यांनी सिल्व्हिया ही प्रजाती स्थापन केली. तिच्या नावावरून पुढे १८२०च्या सुमारास विल्यम लीच यांनी सिल्व्हिइडी हे कुलनाम योजले.

या काळातील एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधील सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी ऑगस्ट १७६८ मध्ये पेनंट यांना लिहिलेल्या पत्रात असे कळवले, की विलो-रेन या एका नावाखाली ओळखले जाणारे पक्षी प्रत्यक्षात तीन भिन्न जातींचे असून प्रत्येकीचा आवाज निराळा आहे. हे तीनही पक्षी आज फायलोस्कोपस प्रजातीत मोडतात. दिसण्यात जवळजवळ सारख्या असलेल्या जाती आवाजावरून वेगळ्या ओळखण्याची ही पद्धत आजही या पक्ष्यांच्या अभ्यासाचा आधार आहे.

दख्खनमधील पक्षी

भारतातील वटवट्यांच्या अभ्यासाचा आरंभ मोठ्या प्रमाणावर दख्खनमध्ये झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांच्याकडे मुंबई सरकारने दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम सोपवले होते. त्या काळात त्यांनी जमवलेल्या पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाली. राखी वटवट्या (प्रिनिया सोशॅलिस), साधा वटवट्या (प्रिनिया इनॉर्नेटा), साइक्सचा वटवट्या आणि मोठा करडा सातभाई (अर्ग्या मालकोल्मी) या चार पक्ष्यांची शास्त्रीय वर्णने या सूचीतून प्रथम पुढे आली.

या चार पक्ष्यांचा पुढील प्रवास वर्गीकरणाचा इतिहास समजून घेण्यास उपयुक्त आहे. साइक्स यांनी तिसऱ्या पक्ष्याला सिल्व्हिया रामा असे नाव दिले होते. नंतर त्याला हिप्पोलाइस प्रजातीत हलवण्यात आले आणि बराच काळ त्याला बूटेड वटवट्याची केवळ उपजाती मानण्यात आले. आता तो इड्युना रामा या नावाने स्वतंत्र जाती म्हणून ओळखला जातो व बोरू वटवट्यांच्या कुलात मोडतो. जातीचे नाव 'रामा' मात्र १८३२ पासून तेच आहे. प्रथम दिलेले वैध जातिनाम कायम राहावे व प्रजाती बदलली तरी ते पक्ष्याबरोबर जावे, असा प्राणिनामकरणाचा नियम आहे.

विसावे शतक

विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक पक्षिशास्त्रज्ञांचा कल लहान कुले एकत्र करण्याकडे होता. त्यानुसार माशीमार, कस्तुर, सातभाई आणि वटवट्ये या सर्वांना मस्किकॅपिडी या एकाच अतिविशाल कुलात समाविष्ट करून प्रत्येकाला उपकुलाचा दर्जा देण्यात आला. सलीम अली व डिलन रिप्ले यांच्या भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांच्या ग्रंथात (१९६८–१९७४) हीच मांडणी स्वीकारलेली आहे. त्यातील १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठव्या खंडाचा आरंभ वटवट्यांच्या उपकुलाने होतो. भारतातील कित्येक पक्षिनिरीक्षकांच्या पिढ्या याच मांडणीवर पोसल्या गेल्या. जुनी व नवी पुस्तके शेजारी ठेवून वाचताना पक्ष्यांच्या क्रमात जो मोठा फरक दिसतो, त्याचे कारण हे आहे.

या काळातील वर्गीकरण चोच, पाय, पंखांतील व शेपटीतील पिसांची संख्या, पिल्लांचा पिसारा इत्यादी बाह्य लक्षणांवर आधारलेले होते. कस्तुर व माशीमार यांच्या पिल्लांच्या अंगावर ठिपके असतात, वटवट्यांच्या पिल्लांच्या अंगावर ते नसतात. हे लक्षण त्यांना वेगळे काढण्यास उपयोगी पडले. परंतु वटवट्यांतील वटवट्ये परस्परांपासून वेगळे काढण्यास त्याचा उपयोग नव्हता. ज्या लहान पक्ष्यांची अन्यत्र सोय लागत नसे, त्यांची भर सिल्व्हिइडीमध्ये पडत राहिली.

रेणवीय अभ्यास

चार्ल्स सिब्ली व जॉन अल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७०च्या व १९८०च्या दशकांत डीएनए-संकरण ही पद्धत पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर लागू केली. दोन जातींच्या डीएनएचे एकेक सूत्र घेऊन त्यांची जोडी जुळवायची आणि मग ती तापवायची, असे तिचे स्वरूप होते. दोन जातींत अंतर जितके अधिक, तितकी त्यांची जोडी कमी तापमानाला सुटते. या प्रयोगांवर आधारलेल्या १९९० मधील त्यांच्या ग्रंथात दोन निष्कर्ष पुढे आले. प्रिनिया व सिस्टिकोला या प्रजातींचे पक्षी उरलेल्या वटवट्यांपासून वेगळे असून त्यांना स्वतंत्र कुल हवे, हा पहिला. ज्या सिल्व्हिया प्रजातीवरून सर्व वटवट्यांच्या कुलाला नाव मिळाले, तीच प्रजाती सातभाईंच्या निकटची आहे, हा दुसरा. हा दुसरा निष्कर्ष अनपेक्षित होता.

डीएनए-संकरणाने दोन जातींतील एकूण अंतर कळते, परंतु कोणत्या ठिकाणी कोणता बदल झाला हे कळत नाही. त्यामुळे तिचे काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. उदाहरणार्थ, या पद्धतीने चंडोलांना चिमण्यांच्या अधिकुलात घातले होते. नंतर जनुकांतील घटकांचा क्रम प्रत्यक्ष वाचून केलेल्या अभ्यासांत चंडोल सिल्व्हिऑयडियातच बसतात असे दिसले. सिल्व्हियाचे सातभाईंशी असलेले नाते मात्र या नव्या कसोटीवरही खरे ठरले. ॲलिस सिबुआ यांच्या २००३ मधील सातभाईंवरील अभ्यासाने त्यास पुष्टी दिली.

२००६ मध्ये स्वीडनमधील पेर आल्स्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण सिल्व्हिऑयडिया अधिकुलाची पुनर्मांडणी सुचवली. पर्णवटवट्यांसाठी फायलोस्कोपिडी व झुडुपी वटवट्यांसाठी सेटिइडी ही दोन नवी कुलनामे त्यांनी योजली. बोरू वटवट्ये व गवती वटवट्ये यांनाही स्वतंत्र कुलांचा दर्जा द्यावा असे प्रतिपादन केले. २०१२ मध्ये सात जनुकीय खुणांच्या आधारे झालेल्या पुढील अभ्यासात आफ्रिकेतील मॅक्रोस्फेनिडी कुलाची भर पडली. ही मांडणी आता जागतिक पक्षिसूचींत सर्वसाधारणपणे स्वीकारली गेली आहे.

सध्याची कुले

जुन्या सिल्व्हिइडी कुलातून वेगळी झालेली किंवा त्यात शिल्लक राहिलेली प्रमुख कुले पुढीलप्रमाणे आहेत. जातींच्या संख्या सुमाराच्या असून सूचीगणिक त्यांत थोडाफार फरक आढळतो.

• सिस्टिकोलिडी: सुमारे १६० जाती. प्रिनिया, सिस्टिकोला व शिंपी यांचा समावेश. सर्वाधिक जाती आफ्रिकेत. बहुतेक जाती स्थलांतर करीत नाहीत. शिंपी आणि राखी वटवट्या हे दोघेही पाने शिवून घरटे करतात.

• फायलोस्कोपिडी: सुमारे ८० जाती. पर्णवटवट्ये. सर्वाधिक जाती हिमालय, चीन व आग्नेय आशियात. २०१८ मधील अभ्यासानंतर पूर्वीची सेसर्कस ही प्रजाती रद्द होऊन कुलातील सर्व जाती फायलोस्कोपस या एकाच प्रजातीत ठेवल्या जातात.

• ॲक्रोसेफॅलिडी: सुमारे ६० जाती. बोरू वटवट्ये तसेच हिप्पोलाइस व इड्युना या प्रजाती. त्यांच्या काही जाती प्रशांत महासागरातील दूरवरच्या बेटांवरही पोहोचल्या आहेत.

• लोकस्टेलिडी: सुमारे ६५ जाती. गवतात व दाट झाडोऱ्यात लपून राहणारे गवती वटवट्ये. पश्चिम घाटाच्या गवताळ उतारांवरील रुंद शेपटीचा गवती वटवट्या (शीनिकोला प्लॅटियुरस) या कुलातील आहे.

• सेटिइडी: सुमारे ३० जाती. झुडुपी वटवट्ये व टेसिया. सेटिया प्रजातीच्या पक्ष्यांच्या शेपटीत नेहमीच्या बाराऐवजी दहा पिसे असतात. काही सूचींत हे पक्षी स्कोटोसर्सिडी या कुलात समाविष्ट केले जातात.

• मॅक्रोस्फेनिडी: सुमारे २० जाती, सर्व आफ्रिकेतील. अधिकुलाच्या वंशवृक्षावर फार आधी फुटलेली शाखा.

• बर्निएरिडी: ११ जाती, सर्व मादागास्करमधील. यांतील काही पक्षी पूर्वी बुलबुल, काही सातभाई व काही वटवट्ये समजले जात. एकाच पूर्वजापासून त्या बेटावर त्यांचा विस्तार झाल्याचे डीएनएमुळे कळले.

• सिल्व्हिइडी (मर्यादित अर्थाने): सुमारे ३० जाती. युरोपातील ब्लॅककॅप, आपल्याकडे हिवाळ्यात येणारा शुभ्रकंठी व त्यांचे निकटचे आप्त.

सिल्व्हिऑयडिया अधिकुलात या कुलांखेरीज बुलबुल, भिंगऱ्या, चंडोल, चष्मेवाले आणि सातभाईंची कुलेही आहेत. म्हणजेच जुन्या वटवट्यांचा समान पूर्वज शोधत मागे गेल्यास त्याच्या वंशजांत हवेत कीटक पकडणारी भिंगरी आणि जमिनीवर दाणे टिपणारा चंडोल यांनाही सामावून घ्यावे लागते. अशा परिस्थितीत सर्व वटवट्ये व केवळ वटवट्ये असतील असे एक कुल करणे अशक्य ठरते. उलटपक्षी, पूर्वी याच गटात घातले जाणारे किंगलेट व अमेरिकेतील नॅटकॅचर हे पक्षी या अधिकुलाच्याही बाहेरचे निघाले.

नावाचा प्रश्न

कुलाचे नाव त्याच्या आदर्श प्रजातीशी बांधलेले असते. सिल्व्हियाचे आप्त सातभाई ठरल्यामुळे सिल्व्हिइडी हे नाव उरलेल्या वटवट्यांना वापरता येईना. दुसरीकडे, सिल्व्हिया व सातभाई यांचे एकच कुल करावे, तर अग्रक्रमाच्या नियमानुसार त्या कुलाचे नाव सिल्व्हिइडी ठेवावे लागले असते, कारण ते सातभाईंच्या टिमॅलिइडी (१८२७) या कुलनामापेक्षा जुने आहे. तसे झाले असते तर सर्व सातभाई सिल्व्हिइडी झाले असते आणि बहुसंख्य वटवट्ये त्या कुलातून बाहेर गेले असते.

हा पेच सातभाईंचीच अनेक कुले करून सोडवण्यात आला. टिमॅलिइडी, पेलॉर्निइडी व लायोथ्रिकिडी ही सातभाईंची कुले, चष्मेवाल्यांचे झोस्टेरोपिडी, पॅरटबिलांचे पॅराडॉक्सॉर्निथिडी आणि मर्यादित अर्थाने सिल्व्हिइडी अशी ही निकटची भावंड-कुले आहेत. महाराष्ट्रातील झुडुपी माळरानात आढळणारा पिवळ्या डोळ्यांचा सातभाई (क्रायसोमा सायनेन्से) हा आता पॅराडॉक्सॉर्निथिडी कुलात गणला जातो. तसेच पूर्वीच्या विस्तृत सिल्व्हिया प्रजातीतील शुभ्रकंठी व त्याच्या आप्तांना अलीकडे करुका ही स्वतंत्र प्रजाती देण्यात आली असून सिल्व्हिया हे नाव ब्लॅककॅप व त्याच्या मोजक्या आप्तांपुरते राहिले आहे.

साइक्स यांच्या दख्खनच्या सूचीकडे या दृष्टीने पुन्हा पाहता येते. शुभ्रकंठीचे मोठ्या करड्या सातभाईशी जे नाते आहे, ते त्याच्या राखी वटवट्याशी किंवा साइक्सच्या वटवट्याशी असलेल्या नात्यापेक्षा अधिक जवळचे आहे. थव्याने जमिनीवर पाचोळा उलथणारा सातभाई आणि एकट्याने बाभळीत किडे टिपणारा शुभ्रकंठी यांच्या बाह्यरूपावरून हे कोणाच्याही लक्षात आले नसते.

कुल बदललेले काही पक्षी

सारख्या रूपामुळे चुकीच्या कुलात गेलेल्या पक्ष्यांची काही उदाहरणे भारतीय उपखंडात आहेत. सिंधू व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतील उंच गवतात राहणारा एक लांब शेपटीचा पक्षी प्रिनिया बर्नेसाय या नावाने दीर्घकाळ प्रिनियांत गणला जात होता. डीएनए-परीक्षणात तो पेलॉर्निइडी या सातभाईंच्या कुलातील निघाला व त्याचे नाव लॅटिसिला बर्नेसाय असे झाले. ईशान्य भारतातील डोंगरी शिंपी हा तशाच प्रकारे खऱ्या शिंप्यांपासून वेगळा निघाला. शिंपी सिस्टिकोलिडी कुलात आहे, तर डोंगरी शिंपी फिलर्गेटिस ककुलेटस या नावाने सेटिइडी कुलात गेला आहे.

पूर्व हिमालय व त्यापलीकडच्या डोंगराळ प्रदेशातील एलाकुरा फॉर्मोसा या ठिपकेदार पक्ष्याची गोष्ट याहून निराळी आहे. त्याला लहान सातभाईंत स्थान होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो सिल्व्हिऑयडियातीलच नसून गायक पक्ष्यांच्या एका प्राचीन शाखेचा एकमेव हयात प्रतिनिधी असल्याचे दाखवले. त्याच्यासाठी एलाकुरिडी हे स्वतंत्र कुल करण्यात आले.

जातींच्या सीमा

कुलांप्रमाणेच जातींच्या सीमा ठरवणेही या पक्ष्यांत कठीण असते. हिमालयातील सोनेरी चष्म्याचा वटवट्या ही एक जाती समजली जात असे. आवाज, पिसारा व डीएनए यांच्या तुलनेनंतर १९९९ मध्ये ती अनेक जातींचा समूह असल्याचे स्पष्ट झाले. यांतील काही जाती एकाच डोंगरावर निरनिराळ्या उंचीवर घरटी करतात.

हिरवट पर्णवटवट्या (फायलोस्कोपस ट्रॉकिलॉयडिस) याचे वर्णन कार्ल सुंडेवाल यांनी १८३७ मध्ये कोलकात्याजवळच्या नमुन्यावरून केले. तिबेटच्या पठारावर त्याला राहता येत नाही. हिमालयातून त्याची वस्ती पठाराच्या पश्चिमेकडून व पूर्वेकडून अशा दोन वाटांनी उत्तरेकडे पसरली. दोन्ही वाटांवर उत्तरेकडे जाताना नराचे गाणे अधिक लांब व गुंतागुंतीचे होत जाते, परंतु दोन वेगळ्या रीतींनी. सायबेरियात या दोन शाखा पुन्हा समोरासमोर येतात, तेव्हा त्या परस्परांच्या गाण्याला प्रतिसाद देत नाहीत व त्यांच्यात सहसा संकर होत नाही. क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये या वर्तुळाकार मांडणीकडे लक्ष वेधले होते आणि डॅरेन अर्विन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. २०१४ मधील जनुकीय अभ्यासानुसार या वर्तुळात भूतकाळी काही ठिकाणी खंडही पडले होते. या पक्ष्याच्या बाबतीत दोन टोकांना दोन जाती दिसतात, मात्र मधल्या प्रदेशात रेषा कोठे ओढावी हे सांगणे कठीण जाते.

मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या

मोठ्या चोचीचा बोरू वटवट्या (ॲक्रोसेफॅलस ओरिनस) या पक्ष्याचा इतिहास वर्गीकरणाचे व्यावहारिक महत्त्व दाखवतो. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८६७ मध्ये आजच्या हिमाचल प्रदेशातील सतलज खोऱ्यात त्याचा एक नमुना मिळवला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्या एका नमुन्यापलीकडे या पक्ष्याविषयी काहीही ज्ञात नव्हते. ही वेगळी जाती नसून दुसऱ्या एखाद्या बोरू वटवट्याचा अपवादात्मक पक्षी असावा, असा संशय घेतला जाई. हरी ओबरहोल्सर यांनी १९०५ मध्ये दिलेले ओरिनस हे नाव केवळ सूचींमध्ये उरले होते.

२००२ मध्ये स्टाफन बेन्श व डेव्हिड पिअर्सन यांनी संग्रहालयातील त्या जुन्या नमुन्याचा डीएनए तपासून ती स्वतंत्र जाती असल्याचे दाखवले. मार्च २००६ मध्ये थायलंडमध्ये कडी घालण्यासाठी पकडलेल्या एका वटवट्याचा संशय आल्याने त्याची पिसे तपासण्यात आली. तो ओरिनस निघाला. त्यानंतर इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहात ब्लिथच्या बोरू वटवट्यांच्या नमुन्यांत ठेवलेला, १८६९ मध्ये उत्तर भारतात मिळवलेला आणखी एक नमुना सापडला. अफगाणिस्तानातील वाखान प्रदेशात या पक्ष्याचे विणीचे ठिकाण २००८–२००९ या वर्षांत उजेडात आले. १३९ वर्षे हा पक्षी जिवंत स्थितीत कोणाच्याही नोंदीत नव्हता. तो अस्तित्वात होता, हिमालय ओलांडून ये-जा करीत होता, परंतु त्याला स्वतःचे निश्चित नाव नसल्याने तो दिसला तरी दुसऱ्याच्या नावावर नोंदला जाण्याचा संभव होता.

महाराष्ट्रातील वटवट्ये

महाराष्ट्रातील वटवट्यांचे ढोबळमानाने दोन विभाग पडतात. राखी वटवट्या, साधा वटवट्या, रान वटवट्या व शिंपी हे सिस्टिकोलिडी कुलातील पक्षी वर्षभर येथेच राहतात व पावसाळ्याच्या सुमारास घरटी करतात. दुसरा विभाग हिवाळी पाहुण्यांचा आहे. हिरवट पर्णवटवट्या व गंधकी पोटाचा पर्णवटवट्या (फायलोस्कोपिडी), ब्लिथचा बोरू वटवट्या, बूटेड व साइक्सचा वटवट्या (ॲक्रोसेफॅलिडी) आणि शुभ्रकंठी (सिल्व्हिइडी) हे पक्षी हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया व पूर्व युरोप अशा विविध प्रदेशांतून येथे येतात. पश्चिम हिमालयात वीण करणारा टायटलरचा पर्णवटवट्या पश्चिम घाटात हिवाळा घालवतो.

या पाहुण्यांपैकी अनेकांचे शास्त्रीय वर्णन त्यांच्या विणीच्या प्रदेशात न होता भारतातील हिवाळी मुक्कामात झाले. ब्लिथचा बोरू वटवट्या (१८४९) हे त्याचे एक उदाहरण असून साइक्सचा वटवट्या हे दुसरे. हिवाळ्यात हे पक्षी फारसे गात नाहीत. त्यामुळे त्यांची ओळख मुख्यतः 'चक्', 'टिक्' अशा तुटक हाका, पंखांची लांबी आणि वावरण्याची पद्धत यांवरून पटवावी लागते. बूटेड व साइक्सचा वटवट्या यांतील भेद अनुभवी निरीक्षकांनाही हाती धरल्याखेरीज खात्रीने सांगता येतोच असे नाही. जुन्या नोंदींत हे दोन्ही पक्षी एकाच नावाखाली आल्याने प्रत्येकाची हिवाळी व्याप्ती त्या नोंदींवरून वेगळी काढता येत नाही.

मराठी नावे व वर्गीकरण

वटवट्या हा शब्द 'वटवट' या ध्वनिवाचक शब्दापासून आलेला असून तो पक्ष्याच्या सवयीचे वर्णन करतो, वंशाचे नव्हे. शिंपी या नावातही पक्ष्याचे कामच सांगितलेले आहे. बोरू, पर्ण, रान, राखी ही विशेषणे अधिवास किंवा रंग दर्शवतात. त्यामुळे शास्त्रीय कुले बदलली म्हणून ही नावे चुकीची ठरत नाहीत. मात्र दोन पक्ष्यांच्या नावांत वटवट्या हा शब्द समान आहे, एवढ्यावरून त्यांचे नाते ठरवता येत नाही, आणि पिवळ्या डोळ्यांच्या सातभाईप्रमाणे नावात सातभाई असूनही पक्षी त्या कुलांत असेलच असे नाही. नोंदी करताना मराठी नावासोबत प्रचलित शास्त्रीय नाव व त्यासाठी वापरलेल्या सूचीचे वर्ष लिहिल्यास, पुढे एखाद्या जातीचे विभाजन झाले तरी ती नोंद उपयोगात आणता येते.